भरती-ओहोटीच्या प्रोग्रॅमचं डेबियन पॅकेज: बांधायचं कसं आणि सांभाळायचं कुणी?

खाजण

नमस्कार मंडळी. जयगड खाडीच्या काठावर एका शाळेत संगणक कक्ष सांभाळतो. पायथनमध्ये एक छोटा प्रोग्रॅम लिहिला आहे. बंदर निवडलं की दिवसाच्या भरत्या-ओहोट्यांच्या वेळा, पाण्याची उंची आणि तिथी मराठीत दाखवतो, महिन्याचा तक्ताही छापून देतो. कालवं आणि तिसऱ्या काढायला जाणाऱ्या बायका तो तक्ता मागून नेतात. सुक्या ओहोटीचे ते दोन-तीन तास चुकले तर त्यांचा दिवस फुकट जातो.

आता आसपासच्या शाळांमध्ये आणि काही मच्छीमार सोसायट्यांच्या कार्यालयांमध्येही प्रोग्रॅम हवा आहे. आत्तापर्यंत पेनड्राइव्हवरून फोल्डर नेऊन टाकायचो आणि लागणाऱ्या लायब्ररी पिपने (पायथनच्या लायब्ररी उतरवणारं साधन) चढवायचो. डेबियन लिनक्सच्या १२ व्या आवृत्तीपासून पिप सरळ नकार देतं, पायथन सिस्टीमच्या ताब्यात आहे म्हणतं. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रॅमपुरती पायथनची वेगळी जागा, प्रत्येक ठिकाणी करून देणं मला शक्य नाही आणि सोसायटीच्या कारकुनाने तरी का शिकावं?

डीपीकेजी-डेबने फोल्डर बांधून एक .डेब (डेबियनची पॅकेज फाईल) केलं, ते चालतं. पण हे खरं पॅकेज झालं का? थेट डेबियनमध्ये जावं म्हणजे कुणीही एपीटीने (डेबियनचं पॅकेज उतरवणारं साधन) घ्यावं, अशी इच्छा आहे. त्यासाठी काय लागतं, किती काळ लागतो आणि पुढे त्याच्याकडे बघायचं कुणी? जाणकारांनी लिहावं.

पाणंद

एवढ्यासाठी डेबियनच्या दारात कशाला उभं राहायचं? फ्लॅटपॅक करा, लायब्ररींसकट बांधलेलं ते पॅकेज लिनक्सच्या सगळ्या डिस्ट्रोंवर चालेल.

कातळ

सविस्तर लिहितो, वेळ काढून वाचा.

फ्लॅटपॅक वाईट नाही. मोठा ग्राफिकल प्रोग्रॅम असेल, त्याची आवृत्ती दर महिन्याला बदलत असेल, तर मीही तेच सांगेन. पण पहिल्यांदा चढवताना शेकडो एमबींचा रनटाइम सोबत येतो. पावसाळ्यात खाडीपट्ट्यात नेटवर्कची काय अवस्था असते ते इथल्या लोकांना सांगायला नको. खाजणभाऊंचा सगळा प्रोग्रॅम काही केबींचा आहे आणि पायथन त्या मशीनवर आधीपासून आहेच. इथे .डेबच योग्य.

आता मूळ प्रश्न. डीपीकेजी-डेबने जे झालं ते चालतं, कारण .डेब म्हणजे एक साधं एआर अर्काइव्ह, फाईलींचं गाठोडं: आत 'डेबियन-बायनरी' नावाची फाईल, तिच्यात '२.०' एवढंच, एक कंट्रोलचं टार, एक डेटाचं टार. ते कुणीही बांधू शकतं. डेबियनमध्ये मात्र चढतं ते सोर्स पॅकेज, आणि .डेब त्यातून त्यांची बिल्ड मशीन तयार करतात. २०१९ च्या उन्हाळ्यापासून तर पॅकेजरच्या स्वतःच्या मशीनवर बनलेलं बायनरी (तयार .डेब) टेस्टिंगमध्ये, म्हणजे पुढच्या स्टेबलच्या तयारीच्या शाखेत, जातच नाही. (नवं पॅकेज पहिल्यांदा रांगेत लागतं तेव्हा बायनरी सोबत द्यावं लागतं, मंजूर झाल्यावर नुसता सोर्स पुन्हा चढवायचा.)

सोर्स पॅकेज म्हणजे तुमचा मूळ कोड आणि त्यात 'डेबियन' नावाची एक डिरेक्टरी. तिच्यातल्या चार फाईलींवर सगळं उभं असतं: कंट्रोल, रूल्स, चेंजलॉग, कॉपीराइट. रूल्स हल्ली दोन-तीन ओळींची असते, बाकीचं डेबहेल्पर आणि पायबिल्ड ही साधनं बघतात. ती मेकफाईल (बांधणीच्या आज्ञांची फाईल) आहे, त्यामुळे ओळीच्या सुरुवातीला टॅबच हवा. चेंजलॉगमध्ये प्रत्येक नोंदीची शेवटची ओळ एक स्पेस, दोन डॅश, नाव, ईमेल, मग बरोब्बर दोन स्पेस आणि तारीख अशीच लागते. ही शिस्त कटकटीची वाटेल, पण आवृत्ती क्रमांक, कोणत्या रिलीजसाठी आहे, किती तातडीचं आहे आणि कुठला बग बंद झाला हे सगळं साधनं त्या फाईलीतूनच वाचतात.

आवृत्तीचा क्रमांक आजच नीट ठरवा. '०.४-१' यात ०.४ तुमची, डॅशनंतरचा १ पॅकेजिंगचा. कोड तोच आणि फक्त कंट्रोल फाईल सुधारली, तर ०.४-२. चाचणीची आवृत्ती द्यायची असेल तर '१.०~बीटा१' अशी टिल्डने लिहा. टिल्ड असलेला क्रमांक नुसत्या १.० च्या आधी धरला जातो, म्हणून खरी १.० आली की एपीटी आपोआप तिच्यावर जातं. टिल्डऐवजी डॅश किंवा टिंब वापरलंत तर बीटा मोठी ठरते, आणि लोकांची मशीन बीटावरच अडकून पडतात.

आणि एक. तुम्हीच मूळ लेखक, तुम्हीच पॅकेजर. अशा वेळी सगळं एकत्र करून 'नेटिव्ह' पॅकेज करायचा मोह होतो. तो टाळा. सोर्स फॉरमॅट '३.० (क्विल्ट)' ठेवा, त्यात मूळ कोड आणि पॅकेजिंग वेगळं राहतं, डेबियन डिरेक्टरी वेगळ्या शाखेत ठेवा. उद्या पॅकेज दुसऱ्या कुणी घेतलं तर त्याला तुमच्या कोडला हात न लावता काम करता आलं पाहिजे.

सुरंगी

कातळ यांच्या प्रतिसादाला +१. मी फेडोरा या दुसऱ्या डिस्ट्रोच्या बाजूची, म्हणून तिकडचं थोडं.

आमच्याकडे चार फाईलींऐवजी एकच स्पेक फाईल असते. वर नाव, आवृत्ती, लायसन्स. खाली प्रेप, बिल्ड, इन्स्टॉल आणि फाईल्स असे विभाग. 'फाईल्स'मध्ये चढणारी प्रत्येक फाईल मोजून द्यावी लागते. बिल्डमध्ये तयार झाली पण यादीत नाही, तर बिल्ड तिथेच थांबतं. मला ही सक्ती आवडते. स्वच्छ बिल्डसाठी मॉक आहे आणि फेडोरात अधिकृतपणे जाण्याआधी कॉपरवर स्वतःची रेपो (पॅकेजांचं भांडार) मांडता येते.

तरीही खाजण यांना मी डेबियनच सुचवेन. फेडोराची आवृत्ती साधारण दर सहा महिन्यांनी येते आणि जेमतेम तेरा महिने सांभाळली जाते. शाळेच्या कक्षात वर्षाला अपग्रेड कोण करणार? डेबियन स्टेबल साधारण दोन वर्षांनी येतं, तीन वर्षं पूर्ण आधार आणि पुढे दोन वर्षं एलटीएस (लांब मुदतीचा आधार). एकदा बसवलं की पहिलीतलं पोर पाचवीत जाईपर्यंत चालतं.

पॅकेज शुद्ध पायथनचं असेल तर कंट्रोलमध्ये आर्किटेक्चर 'ऑल' लिहा, 'एनी' नको. एकच .डेब सगळ्या मशीनांवर जाईल. कक्षात जुनी ३२ बिटची मशीन आहेत का? असतील तर त्यांच्यावर डेबियन १२ राहू द्या. ९ ऑगस्ट २०२५ ला आलेल्या डेबियन १३ मध्ये आय३८६ साठी (म्हणजे ३२ बिटच्या मशीनांसाठी) इन्स्टॉलरही नाही आणि कर्नलही नाही.

खाजण

कातळ, सुरंगीताई, मनापासून आभार. निम्मी मशीन ३२ बिटचीच आहेत, हे कळलं ते फार बरं झालं.

एक विचारायचं राहिलं. गणितासाठी प्रत्येक बंदराचे हार्मोनिक घटक, म्हणजे भरती ज्या ठरावीक ठेक्यांची बनते ते, लागतात: चंद्राचा एम२, सूर्याचा एस२, मग के१, ओ१ वगैरे. ते आकडे नेटवर फिरणाऱ्या एका जुन्या हार्मोनिक फाईलमधून घेतले आहेत. कॉपीराइट फाईलमध्ये त्याचं काय लिहायचं?

आगर

या धाग्यातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, म्हणून सावकाश लिहितो.

तुमच्याआधी हाच पेच एक्सटाईडला आला होता. भरतीचं गणित करणारा हा प्रोग्रॅम डेबियनमध्ये वर्षानुवर्षं आहे आणि त्याचा कोड जीपीएल या मुक्त लायसन्सखाली आहे. अमेरिकेतल्या स्थानकांचे घटक तिथल्या सरकारी संस्थेचे, सर्वांना खुले. बाकी देशांतल्या बऱ्याच स्थानकांचे घटक मात्र फक्त अव्यावसायिक वापरासाठी, या अटीवर मिळालेले. म्हणून डेटाच्या दोन फाईली पडल्या, एक खुली आणि एक 'नॉन-फ्री'. 'फक्त अव्यावसायिक' ही अट डेबियनच्या मार्गदर्शक तत्त्वांत बसत नाही, कारण कुठल्याही कामासाठी वापरायची मुभा हवी असं ती तत्त्वं सांगतात. मासे विकणाऱ्या सोसायटीने तक्ता छापला तर तो व्यावसायिक वापर झाला, म्हणजे तुमचाच वापरकर्ता अटीबाहेर गेला.

नेटवर फिरणाऱ्या फाईलीला लायसन्सचा पत्ता नसेल, तर तिला 'मुक्त' समजायचं नाही. लायसन्स नाही म्हणजे परवानगी नाही. नव्या पॅकेजांच्या रांगेत एफटीपी-मास्टर (पॅकेजं तपासून आत घेणारी) मंडळी सगळ्यात बारकाईने हीच फाईल वाचतात: प्रत्येक फाईल कुणाची, कोणत्या अटींवर. तिथून परत आलेली बरीच पॅकेजं कोडमुळे परत येत नाहीत, कॉपीराइट फाईलमुळे येतात.

छापील तक्ते सर्वे ऑफ इंडिया दरवर्षी काढते. ते विकत घेऊन वापरा, पण त्यातले आकडे टाइप करून पॅकेजमध्ये घालू नका, लेखी परवानगी मिळेपर्यंत तरी.

मग करायचं काय? प्रोग्रॅम आणि डेटा वेगळे करा. प्रोग्रॅम बाहेरून दिलेली घटकांची फाईल वाचेल असा करा. पण प्रोग्रॅमला चालायलाच मुक्त नसलेला डेटा लागत असेल, तर तो 'मेन'मध्ये (डेबियनच्या पूर्ण मुक्त विभागात) बसत नाही, 'कॉन्ट्रिब'मध्ये जातो. 'मेन'मध्ये जायचं तर किमान एका बंदराचा खरा मुक्त डेटा सोबत हवा.

आणि तो तुम्ही स्वतः तयार करू शकता. जेटीच्या खांबावर सेंटिमीटरच्या खुणा करा आणि मुलांना दर तासाला वाचन नोंदवायला लावा. रात्रीसाठी एखादा साधा सेन्सर लावा. पंधरा दिवसांच्या नोंदींमधून एम२ आणि एस२ वेगळे काढता येतात, कारण त्या दोघांच्या ठेक्याचं एक चक्र पावणेपंधरा दिवसांचं आहे. महिन्याच्या नोंदी झाल्या तर मुख्य घटक बऱ्यापैकी हाती येतात. एस२ आणि के२ सुटे करायला मात्र सहा महिने लागतात. वर्षभर टिकवलंत तर उत्तमच. तो डेटा शाळेचा, लायसन्स शाळेने द्यायचं. जयगडच्या मुलांनी मोजलेलं पाणी डेबियनच्या 'मेन'मध्ये, याहून चांगलं काय हवं?

वेंगुर्लेकार

गाववाल्यांनू, ह्या मोप बरा चल्लाहा. माका कोडातला काय कळणा नाय, पण एक सांगतंय. आमच्या आज्याक तक्तो लागी नाय. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमी म्हणजे सहा. तुमच्या मशीनचो आकडो ह्येच्याशी जुळता काय बघा.

कातळ

वेंगुर्लेकार, तुम्ही सहज बोललात, पण चाचणी म्हणून हे फार उपयोगी आहे.

डेबियनमध्ये 'ऑटोपीकेजीटेस्ट' नावाची सोय आहे. पॅकेज बसवून झाल्यावर ते खरोखर काम करतं का, हे तपासणाऱ्या चाचण्या 'डेबियन/टेस्ट्स'मध्ये ठेवायच्या. पॅकेज अनस्टेबलमधून (नवं पॅकेज आधी येतं ती शाखा) टेस्टिंगमध्ये जाताना त्या आपोआप धावतात, आणि त्या पास झाल्या तर प्रतीक्षाही कमी होते. एरवी साधारण पाच दिवस, चाचण्या असतील तर दोन. शिवाय उद्या पायथन किंवा त्याची गणिताची लायब्ररी नमपाय बदललं, तर तुमची चाचणी त्यांच्याही वाटेत उभी राहते. तुमचा प्रोग्रॅम मोडणारी आवृत्ती गुपचूप पुढे सरकत नाही.

तर चाचणी अशी लिहा: वर्षातल्या प्रत्येक दिवसाची तिथी काढा, तिला पाऊणने गुणा आणि प्रोग्रॅमने दिलेली भरतीची वेळ त्याच्या दीड तासाच्या आत आहे का बघा. भरती किनाऱ्याने दक्षिणेकडून वर सरकते, वेंगुर्ल्याला मुंबईच्या आधी येते, म्हणून एवढी ढील हवीच. एखाद-दुसरा दिवस बाहेर जाईल, त्याने बिघडत नाही. महिनाच्या महिना बाहेर जात असेल तर गणितात काहीतरी मोडलं आहे. आज्याचं गणित स्वतंत्रपणे आलेलं आहे, म्हणूनच ते चांगला पडताळा देतं.

सुरंगी

पडताळ्याचा विषय निघालाय तर मराठी अक्षरांचंही बघून घ्या. तक्ता पीडीएफमध्ये छापताना मजकुराची भाषा 'मराठी' म्हणून दिली नाही, तर बरेच फॉन्ट ल आणि श हिंदी वळणाचे काढतात. मराठी वळणाची अक्षरं फॉन्टमध्ये असतात, पण भाषा कळली तरच ती निवडली जातात. फॉन्टवर अवलंबून असाल तर डिपेंड्स (सक्तीची गरज) नको, रेकमेंड्समध्ये (शिफारस) 'फॉन्ट्स-लोहित-देवा' टाका. ज्याने स्वतःचा फॉन्ट ठेवलाय त्याच्यावर सक्ती होणार नाही. लोहित हा रेड हॅटने करून घेतलेला आणि ओएफएल या मुक्त लायसन्सचा, त्यामुळे आगर यांनी सांगितलेली अडचण तिथे नाही.

पाणंद

कातळ, फ्लॅटपॅकचा मुद्दा पटला. पण सांभाळण्याबद्दल कुणीच बोललं नाही. खाजण यांनी विचारलं होतं, पुढे कुणी बघायचं?

कातळ

बरोबर धरलंत. बांधणं एका सुट्टीत होतं, खरं काम त्यानंतरचं.

काय काय येतं ते सांगतो. पायथन बदलतं: डेबियन १२ मध्ये ३.११ होतं, १३ मध्ये ३.१३ आहे. मधल्या ३.१२ ने डिस्टयूटिल्स हा जुना बांधणीचा भाग काढून टाकला आणि त्यावर विसंबलेली कितीतरी पॅकेजं बिल्ड होईनाशी झाली. अशा वेळी तुमच्या नावावर गंभीर बग नोंदवला जातो. तो पडून राहिला तर पॅकेज टेस्टिंगमधून आपोआप काढलं जातं आणि फ्रीझपर्यंत (नव्या स्टेबलसाठी बदल थांबवतात तोवर) परत आलं नाही तर पुढच्या स्टेबलमध्ये नसतं. कुणी रागावत नाही, नोटीस येते आणि पॅकेज जातं. म्हणून ते ईमेल वाचत राहणं ही पहिली जबाबदारी.

दुसरी गोष्ट पॅचची, म्हणजे कोडातल्या दुरुस्तीची. डेबियनमध्ये काही दुरुस्त केलं तर ते मूळ प्रकल्पाकडे गेलंच पाहिजे. ओपनएसएसएल या एन्क्रिप्शनच्या लायब्ररीचं २००६ चं उदाहरण सगळ्यांनी वाचावं. डेबियनच्या पॅकेजमध्ये एका तपासणी साधनाच्या तक्रारीवरून कोडच्या ओळी बंद केल्या गेल्या. मूळ प्रकल्पाच्या मेलिंग लिस्टवर विचारलं होतं, पण बदल रीतसर मूळ प्रकल्पात गेला नाही, तिथल्या नजरा त्याच्यावर पडल्या नाहीत. त्या ओळींमुळेच एन्क्रिप्शनच्या किल्ल्यांमध्ये यादृच्छिकता येत होती. मे २००८ मध्ये उघड झालं तेव्हा एका प्रकारच्या मशीनवर एका लांबीच्या जेमतेम ३२ हजार वेगवेगळ्या किल्ल्या शक्य होत्या. दीड वर्षाहून जास्त काळ जगभर त्या किल्ल्या वापरात होत्या.

आणि माणूस एकटा नको. एक्सझेड या फाईली आवळणाऱ्या साधनात काय झालं? एकटा, थकलेला मूळ लेखक, आणि मदतीच्या मिषाने दोन-अडीच वर्षं विश्वास कमावणारा टोपणनावाचा माणूस. २०२४ च्या सुरुवातीच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांत मागचं दार बसवलेलं होतं. त्याला जागं करणारा तुकडा गिटमध्ये नव्हता, फक्त प्रकाशित टारबॉलमध्ये (कोडच्या गठ्ठ्यात) होता. अँड्रेस फ्रॉइंड यांना डेबियन अनस्टेबलवर एसएसएच लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय हे खटकलं, म्हणून २९ मार्च २०२४ ला ते बाहेर आलं. स्टेबलपर्यंत पोचलं नव्हतं, हे नशीब. तेव्हा तुमचं टारबॉल गिटच्या सही केलेल्या टॅगमधूनच तयार होऊ द्या.

खाजण यांनी पॅकेज स्वतःच्या नावावर न ठेवता डेबियन पायथन टीममध्ये ठेवावं असं माझं मत आहे. गिट साल्सावर (डेबियनचा गिट सर्व्हर) राहील, टीममधलं कुणीही दुरुस्ती करू शकेल. तुम्हाला पुढे जमेनासं झालं तर लपवू नका. 'मदत हवी' किंवा 'सोडतोय' अशी नोंद करायची रीतसर सोय आहे, त्यात काहीही कमीपणा नाही. सुरुवात आयटीपी बगने करा: हे पॅकेज मी करतोय, अशी जाहीर नोंद. मग मेंटॉर्स या साइटवर चढवा आणि तुमच्यासाठी अपलोड करणारा स्पॉन्सर शोधा, कारण नव्या माणसाला थेट अपलोडचा हक्क नसतो. स्पॉन्सर मिळायला वेळ लागतो. २०२३ ची डेबकॉन्फ (डेबियनची वार्षिक परिषद) कोचीत झाली, आपल्याच किनाऱ्यावर. तेव्हापासून आपल्याकडची बरीच माणसं या कामात आहेत. विचारा, उत्तर मिळतं.

आगर

डेबियनमध्ये पोचेपर्यंत सोसायट्यांनी थांबायचं कारण नाही. रेप्रेप्रोने छोटी रेपो करा, जीपीजीने सही करा आणि ती पेनड्राइव्हवरच ठेवा. एपीटी 'फाईल:' अशा पत्त्यावरूनही वाचतं. सार्वजनिक किल्ली '/ईटीसी/एपीटी/कीरिंग्ज'मध्ये आणि सोर्सच्या नोंदीत 'साइन्ड-बाय'. एपीटी-की वापरायचे दिवस गेले. नेट नसलेल्या कार्यालयातही अपडेट येईल आणि वाटेत कुणी फाईल बदलली तर एपीटी ती घेणार नाही.

शाळेत एका मशीनवर एपीटी-कॅशर-एनजी (उतरवलेली पॅकेजं साठवून ठेवणारं साधन) बसवा. पोर्ट ३१४२. पहिल्या मशीनने उतरवलेलं पॅकेज बाकी सगळ्यांना आतूनच मिळतं. पॅकेज बांधणारं एसबिल्ड दर वेळी स्वच्छ क्रूट (बाकी मशीनपासून वेगळी जागा) बनवून लायब्ररी नव्याने मागतं, त्यालाही हाच कॅश द्या. नाहीतर प्रत्येक बिल्डला तेवढाच डेटा पुन्हा जातो.

खाजण

मुख्याध्यापकांशी बोललो. जेटीच्या खांबावर खुणा करायला परवानगीचा अर्ज दिला आहे, नववीची मुलं आतापासूनच नोंदवही आखून बसलीत. कोड आणि डेबियन डिरेक्टरी वेगळ्या शाखांत केली, आवृत्ती '०.५~बीटा१-१' ठेवली. सोसायट्यांसाठी पेनड्राइव्हची रेपोही तयार झाली. वेंगुर्लेकारांच्या आज्यांची चाचणी माझ्या मशीनवर पास होते.

एसबिल्डमध्ये मात्र तीच चाचणी पडते. 'एशिया/कोलकाता' हा टाइमझोन सापडत नाही म्हणतं. माझ्याकडे तर आहे.

कातळ

तुमच्याकडे आहे कारण तुमच्या मशीनवर टीझेडडेटा (टाइमझोनच्या माहितीचं पॅकेज) बसलेलं आहे. नव्या बिल्ड क्रूटमध्ये ते आपोआप येत नाही. कंट्रोलमध्ये दोन ठिकाणी टाका: बिल्ड-डिपेंड्समध्ये चाचणीसाठी आणि डिपेंड्समध्ये वापरणाऱ्यासाठी, कारण प्रोग्रॅम चालतानाही लागणारच आहे. आणि क्रूटचं घड्याळ यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) असतं, तेव्हा आतलं सगळं गणित यूटीसीत करा. भारतीय वेळ फक्त दाखवताना. साडेपाच तास हाताने मिळवलेले कुठे राहिले असतील तर शोधून काढा. मग पुन्हा एसबिल्ड चालवा आणि पॅकेजातल्या चुका दाखवणाऱ्या लिंटियनचा लॉग इथे टाका, बघू या.